केबिनच्या पलीकडे

रविवार, ३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला असं तू विचारशीलच. तिकडे फोन वाजला की तो आधी आईच्या हातात जातो, आणि आई स्पीकर लावून अशी बोलते की शेजारच्या घरातलेही मध्येच उत्तरं देतात. तिच्या खुब्याचं ऑपरेशन अजून ताजं आहे, तिला उगाच घोर नको. म्हणून लिहितेय. हे पत्र तू एकटीने वाच.

आधी घरचं सांगते. बाथरूमचा नळ दुरुस्त करून घेतला. कोपऱ्यातली कुंडी काही माझ्याच्याने जगली नाही, बाकीच्या टवटवीत आहेत. तू गेल्यापासून भाऊजी स्वयंपाक करायला लागलेत. पहिल्या दिवशी मिठाचा पत्ता नव्हता, दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं एकदम पडलं. मी वरून खाली येते, आम्ही समोरासमोर बसून जेवतो, टीव्ही बघतो. बोलणं कमीच.

आता खरी बातमी. आपल्या भोंग्याला ड्यूटीवर अपघात झाला. ज्याच्या आवाजामुळे नाकाबंदीला लाऊडस्पीकर लागत नाही म्हणून तू त्याचं हे नाव ठेवलंस, तो आता इतका हळू बोलतो की कान तोंडाशी न्यावा लागतो. जिवाचा धोका टळलाय. पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हे मी आधीच लिहून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत टाळत राहीन.

झालं असं की चोरीच्या एका गाडीचा निरोप आला होता, म्हणून संध्याकाळी पेट्रोल डेपोजवळच्या वळणावर नाकाबंदी लावली होती. आपल्या जीपचा ड्रायव्हर रजेवर होता, त्यामुळे ठाण्याचे साहेब असूनही भाऊजी स्वतःच गाडी घेऊन आले होते. दिवस नुकताच मावळत होता. बेकरीची एक व्हॅन आली, थांबली नाही, अडथळा उडवून निघून गेली. भाऊजींनी जीप वळवून तिचा पाठलाग केला. पुढच्या चौकात व्हॅन सापडली. चोरीची नव्हतीच ती. चालवणाऱ्या मुलाकडे लायसन्स नव्हतं, आम्हाला बघून घाबरला आणि पळाला. इकडे भोंगा रस्त्यावर पडलेला होता. व्हॅनने त्याला उडवलं. असा सगळ्यांनी जबाब दिलाय. पोलिसाला ठार मारण्याचा प्रयत्न, असं कलम त्या मुलावर लागलंय.

मोठे साहेब त्याच संध्याकाळी हेडक्वार्टरहून आले. त्यांनी सगळं हातात घेतलं, आम्हाला धीर दिला. भोंगा आपला माणूस आहे, आपल्या माणसाला न्याय मिळालाच पाहिजे, असं म्हणाले. मला बरं वाटलं तेव्हा. खरंच बरं वाटलं.

भाऊजी बरे आहेत. झोप कमी झालीय. काल चहा करायला गॅसवर पातेलं ठेवलं आणि नुसतेच बघत उभे राहिले. पाणी आटलं तरी तिथेच. मी गॅस बंद केला तर म्हणाले, "हो, हो, झालाच आहे." तू त्यांना फोनवर काही विचारू नकोस. नाहीतर विचारच. मला कळत नाही.

आईला माझा नमस्कार. व्यायाम चुकवत असेल तर फिजिओथेरपिस्टला सांगून रागावून घे, तुझं ती ऐकणार नाही.

तुझी,
धाकटी


मंगळवार, १२ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. एका पोलिसाची बायको आणि एका पोलिसाची बहीण, तुझ्यापुढे कुणाचं काय चालणार. तू लिहिलंस, "सगळ्यांचं लिहिलंस. भोंगा कुठे होता, यांनी काय केलं, व्हॅन कुठून आली. तू कुठे उभी होतीस ते तेवढं राहिलं." ते वाचून मी पत्राची घडी केली आणि दिवसभर खिशात घेऊन फिरले.

मी कुठे उभी होते ते सांगते. पण मला थोडं मागून यावं लागेल, कारण सध्या माझ्या डोक्यात काहीच सरळ रांगेत उभं राहत नाही.

त्या व्हॅनवाल्या मुलाची एक मोठी बहीण आहे. शिवणकाम करते. तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा आहेत आणि गळ्यात मोजायची टेप असते, ती काढायचं तिच्या लक्षात राहत नाही. रोज ठाण्यात येते आणि बाकावर बसते. आरडाओरडा नाही, रडणं नाही. कोणी हाकललं तर उठते, बाहेर उभी राहते, परत येऊन बसते. एके दिवशी मी तिच्याजवळून जात होते तर तिने मला थांबवलं. म्हणाली, "बाई, तुम्ही तिथे होता म्हणतात. माझा भाऊ म्हणतो त्याने फक्त अडथळा पाडला. पण तो लहानपणापासून खोटं बोलतो, मार खायच्या भीतीने. म्हणून मी त्याचं धरत नाही. तुम्ही त्याला धडक देताना पाहिलंत का? तुम्ही हो म्हणालात तर मी घरी जाईन आणि परत इथे येणार नाही."

ताई, मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. "तपास चालू आहे," असं काहीतरी बोलले आणि आत जाऊन वॉशबेसिनवर हात धूत राहिले. मला कागदावर हो म्हणता आलं, मोठ्या साहेबांसमोर म्हणता आलं, पण त्या बाईच्या तोंडावर म्हणता आलं नाही. का, ते मलाही तेव्हा कळलं नाही.

मग मी भोंग्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. त्याला त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाही. डॉक्टर म्हणतात असं होतं. अडथळ्याजवळ उभा होता एवढं आठवतं, नंतर एकदम हॉस्पिटलचं छत. पहिल्या भेटीत त्याने माझा हात धरून विचारलं होतं, "तू होतीस ना तिथे? सांग मला काय झालं. सगळे वेगवेगळं सांगतात, तू सांग." मी त्याला सांगितलं होतं. व्हॅन आली, तिचे दिवे, तिचा वेग, तू हात वर केलास, सगळं. इतकं नीट सांगितलं की तो शांत झोपला. या वेळी गेले तर तो आपणहून सांगू लागला. त्याला आता आठवतं म्हणाला. व्हॅनचे दिवे डोळ्यांवर आले, आतल्या पोराचा चेहरा दिसला, हसत होता तो. ताई, हसत होता हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. ते त्याने स्वतःचं घातलं.

मी खुर्चीवरून उठले आणि निरोप न घेताच बाहेर आले. कारण मलाही तसंच होतंय. डोळे मिटले की मला व्हॅन दिसते, तिच्या दारावर रंगवलेला पाव दिसतो, भोंगा उडताना दिसतो. मी शपथेवर सांगू शकेन इतकं स्पष्ट. आणि त्याच वेळी आत कुठेतरी वाटत राहतं की हे मी पाहिलेलं नाही, हे मला सांगितलेलं आहे. कोणतं खरं? मी वेडी होतेय का, असं वाटायला लागलं.

म्हणून परवा दुपारी मी साध्या कपड्यांत त्या वळणावर गेले. आता तिथे काही नाही, गाड्या येतात आणि जातात. मी मोजून त्याच जागी उभी राहिले जिथे त्या दिवशी होते. एका ट्रकवाल्याचे कागद तपासत होते मी, डेपोच्या कुंपणाला लागून. तिथून अडथळ्याकडे बघितलं. मधे पहारेकऱ्याची केबिन आहे, ताई. पत्र्याची, हिरव्या रंगाची, चांगली ऐसपैस. तिच्या पलीकडचं काही दिसत नाही. मी एक पाऊल इकडे झाले, एक तिकडे झाले, टाचा उंचावून बघितलं. नाही दिसत. वाकून बघितलं तेव्हा पहारेकरी बाहेर आला आणि काही हरवलंय का म्हणून विचारू लागला.

म्हणजे मी काही पाहिलेलंच नाही. मी एवढंच ऐकलं होतं: अडथळा पडल्याचा खणखणाट, मग व्हॅनचा आवाज लांब जाताना, मग जीप सुरू झाल्याचा आवाज, आणि मग भोंग्याची किंकाळी. या क्रमाने. मी हा क्रम कोणालाच सांगितला नव्हता. स्वतःलाही नाही. केबिनला वळसा घालून धावत गेले तेव्हा तो व्हॅनच्या रस्त्यावर नव्हताच, जीप जिथे उभी होती त्याच्या मागे पडला होता. पाडलेला अडथळा ओढून बाजूला करायला गेला असणार.

जीपचं तोंड उलटीकडे होतं. पाठलाग करायला ती आधी मागे घ्यावी लागली. आणि ती कोण चालवत होतं ते मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या साहेबांच्या हुकमाने जीप गॅरेजला गेली. आमचे जबाब त्यांच्याच माणसाने लिहून आणले होते. माझ्या जबाबात "मी समोर उभी असताना" असं होतं. मी सही करताना मान वर केली तर भाऊजी माझ्याकडे बघत होते. ताई, ज्या माणसाने मला गाडी शिकवली, परीक्षेच्या दिवशी उन्हात गेटबाहेर उभा राहिला, मला टेबलावर बसवून ठेवायला निघालेल्या तेव्हाच्या साहेबांशी भांडून रस्त्यावरचं काम मिळवून दिलं, तो माणूस माझ्याकडे बघत होता. मी सही केली.

त्यांना ठाऊक आहे का, हेही मला ठाऊक नाही. त्यांना खरंच व्हॅनच वाटत असेल तर? मी चुकत असेन तर? केबिनच्या पलीकडचं मला जसं त्या बाजूने दिसलं नाही तसं या बाजूनेही दिसलेलं नाहीच की. नुसत्या आवाजांवर मी तुझ्या नवऱ्याबद्दल तुला हे लिहितेय.

हे पत्र पेटीत टाकीन की फाडीन, अजून ठरत नाही. मिळालं तर समज की टाकलं.

धाकटी


सोमवार, २५ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. फोन केला तर आई म्हणाली तू बाहेर गेलीस. दुसऱ्यांदा केला तर तू झोपली होतीस. तिसऱ्यांदा आईनेच विचारलं, तुम्ही दोघी भांडलात का गं. मी म्हटलं छे, भांडायला समोरासमोर यावं लागतं. ती हसली. मी फोन ठेवला.

तू वाचतेस की नाही ते ठाऊक नसताना लिहितेय. झालं ते सगळं तुला माझ्याकडून कळावं, ठाण्यातल्या कोणाच्या बायकोकडून नको.

ते पत्र टाकल्यानंतरच्या रविवारी सकाळी भाऊजी ओट्यापाशी कांदा चिरत होते. मी खाली गेले आणि म्हणाले की मी वळणावर जाऊन आले. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही. चिरत राहिले. मग म्हणाले, "तुला तिथून दिसणारच नव्हतं. केबिन मधे येते. ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं."

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला का नाहीत?

त्यांनी दुसरा कांदा घेतला. मग एकेक शब्द काढत सांगू लागले. जीप मागे घेताना गचका बसला, त्यांना वाटलं पडलेला अडथळा चाकाखाली आला. वायरलेसवर निरोप आला म्हणून परत फिरले, आणि भोंगा कुठे पडलाय ते बघताच त्यांना कळलं. मोठे साहेब आले तेव्हा ते पहिल्यांदा हेच सांगायला गेले होते. साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, पोलिसाच्या गाडीखाली पोलीस, हे बाहेर गेलं तर ठाण्याची अब्रू जाईल, शिवाय तुम्हाला तरी खात्री आहे का? गचका तर अडथळ्याचाही असेल.

"खात्री नव्हती असं नाही," भाऊजी म्हणाले. "पण त्यांनी विचारलं आणि मला नसावीशी वाटली. मग तुझ्यापुढे कागद ठेवला. मी तुझ्याकडे बघत होतो. मला वाटलं, ही नाही म्हणेल. ही नाही म्हणाली की मला बोलावंच लागेल. आणि तू सही केलीस. मला वाटलं, माझ्यासाठी केलीस. आता मी बोललो तर तू खोटी पडशील, तुझी नोकरी जाईल. म्हणून गप्प बसलो."

मी तिथेच जमिनीवर बसले, ताई. मी त्यांची नजर वाचली होती 'मला वाचव' अशी. ती होती 'मला अडव' अशी. की दोन्ही होती? मी त्यांना विचारलंही तेच. ते म्हणाले, "मलाही सांगता येत नाही. तेव्हा काय वाटलं आणि आता काय वाटलं असं वाटतंय, यातला फरक मला कळेनासा झालाय." तेवढ्यात कांदा डोळ्यांत गेला म्हणून ते तोंड धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

आल्यावर एवढंच म्हणाले, "तू तुझं सांग. माझं मी बघतो. माझ्यासाठी थांबू नकोस, आणि माझ्या वतीने बोलूही नकोस."

हेडक्वार्टरहून चौकशीला एक बाई आल्या आहेत. चष्मा कपाळावर चढवून बोलतात, आवाज चढवत नाहीत. मी त्यांच्यापुढे बसून सांगितलं की माझा आधीचा जबाब खरा नाही, मी काहीही पाहिलेलं नाही, मी हे आणि हे ऐकलं, या क्रमाने. त्यांनी विचारलं, जीप कोणी चालवली होती? मी म्हटलं, आमच्या ठाण्याच्या साहेबांनी. विचारलं, मग तुमचं म्हणणं काय? मी म्हटलं, म्हणणं काही नाही, मला केबिनच्या पलीकडचं दिसलं नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं. "मग पहिल्यांदा दिसलं असं का सांगितलंत?" आपल्या माणसासाठी, असं म्हणणार होते. पण भोंगाही आपलाच होता.

ठाण्यात परत आले तर कोणी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. माझ्या टेबलावरचा चहाचा कप कोणीतरी उचलून दुसऱ्याच टेबलावर ठेवला होता. एवढ्याशा गोष्टीने मला रडू आलं. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं, घरच्या माणसाच्या पाठीत सुरा खुपसणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय म्हणाले. चौकशी संपेपर्यंत मी निलंबित आहे.

भाऊजी त्या दिवशी चौकशीला गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ते रोज गणवेश घालून जायचे, येऊन जेवायचे, मी काही विचारायचे नाही. मला वाटायला लागलं, आता ते बोलणार नाहीत. आणि खरं सांगू? मला थोडं हायसं वाटलं. मग त्या हायशाची लाज वाटली.

शेवटी एके सकाळी ते निघाले, पण आधी हॉस्पिटलला. मला बरोबर चल म्हणाले म्हणून मी गेले. भोंगा उशीला टेकून बसला होता. भाऊजी उभ्यानेच बोलले, वळसे न घेता. "माझ्या जीपखाली आलास तू. व्हॅनखाली नाही."

भोंगा हसला, ताई. त्याला वाटलं साहेब त्या पोराची दया येऊन बोलताहेत. "नाही साहेब, मला चांगलं आठवतं ना. दिवे होते समोर. पोरगं हसत होतं." भाऊजींनी परत सांगितलं. तो परत नाही म्हणाला. मग मला म्हणाला, "तू सांग ना त्यांना. तू तर पाहिलंस."

मी सांगितलं की मी पाहिलं नव्हतं. मी त्याला जे सांगितलं होतं ते मला कोणीतरी सांगितलेलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग साहेबांकडे, मग पांघरुणाखाली जिथे पाय संपतो तिकडे. "मग मला जे आठवतं ते कोणाचं आहे?" असं त्याने विचारलं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

तिथून भाऊजी थेट चौकशीच्या बाईंकडे गेले. मी बाहेर बाकावर बसले होते. बाहेर आले तेव्हा खांद्यावरच्या पट्ट्या त्यांनी स्वतःच काढून हातात घेतल्या होत्या. अजून कोणी मागितल्या नव्हत्या.

त्या मुलावरचं मोठं कलम काढलं. लायसन्स नाही आणि अडथळा तोडला, एवढ्याचा खटला चालेल. तो सुटला त्या दिवशी त्याची बहीण फाटकापाशी दिसली. मला वाटलं काही बोलेल. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, भावाच्या डोक्यात एक टपली मारली आणि त्याला घेऊन गेली. बरोबरच आहे. मी तिच्या भावाला सोडवलं नाही, मीच त्याला आत बसवलं होतं.

मोठे साहेब अजून त्यांच्या खुर्चीवर आहेत. जीप गॅरेजला का पाठवली ते त्यांना आठवत नाही म्हणे. भोंगा माझं नाव घेतलं की गप्प होतो. भाऊजींना मात्र परवा बोलावून घेतलं, दोघं तासभर काय बोलले ते भाऊजींनी मला सांगितलं नाही. मी बरोबर वागले की उशिरा वागले, त्यांच्याशी इमान राखलं की मोडलं, मला आजही सांगता येत नाही. कधी सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं.

तुझ्या घरात राहून, तुझ्या ताटात जेवून मी हे केलं. तू मला काय म्हणायचंय ते म्हण. मी एका मैत्रिणीकडे खोली घेतलीय, सामान हलवतेय. वरच्या मजल्याची किल्ली खाली नेऊन ठेवते. पण माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस. ते एकटे आहेत. टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात.

गुरुवारी सकाळी त्यांना कोर्टात उभं राहायचंय. गणवेशाशिवाय. साधा पांढरा शर्ट कुठे ठेवलाय ते त्यांना ठाऊक नाही, काल सगळी कपाटं उघडून बसले होते. मला ठाऊक आहे, तुझ्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात आहे. पण मी काढून देणार नाही. ते काम माझं नाही.

तू ये.

तू हाक मारशील त्या नावाची,
धाकटी